चार माणसांचं पाणी

त्या शहराच्या सभागृहात तीन वर्षं एकच भांडण चाललं होतं, आणि ते दोनच माणसं भांडत होती. लोक एकाला कुलूप म्हणत आणि दुसऱ्याला वीट. कुलूपचं म्हणणं, बाहेरून येणारी माणसं फार झाली, दार लावून घ्या, मग आहेत ती घरं पुरतील. विटेचं म्हणणं, माणसं यायचीच, घरं कमी पडतायत, बांधा. तीन वर्षांत ना दार लागलं ना एक भिंत उभी राहिली. भाषणं करून करून दोघांच्याही अंगावर मांस मात्र चढलं.

मग कुणा कारकुनाच्या डोक्यातून एक कल्पना निघाली. कुठल्या घरात किती जण राहतात हे माणसांना विचारू नका, माणसं खोटं बोलतात. पाण्याच्या मीटरला विचारा. माणशी महिन्याला साडेतीन युनिट धरा, युनिट म्हणजे हजार लिटर, आणि करा भागाकार. ही युक्ती दोन्ही बाजूंना अशी काही पसंत पडली की सभागृहात पहिल्यांदाच एकमत झालं. कुलूपला दाखवायचं होतं की बाहेरचे लोक नियम मोडून घरात माणसं कोंबतात, तेव्हा काढा त्यांना. विटेला दाखवायचं होतं की बिचारे कोंबून राहतात, तेव्हा बांधा त्यांच्यासाठी. आकडा मोठा निघाला की दोघांचंही भागत होतं. लहान आकडा कुणालाच नको होता.

हे आकडे ज्यांच्या वह्यांतून येणार होते त्यांच्यापैकी एक होता मीटरकाका.

एकतीस वर्षं तो घरोघर जाऊन मीटर वाचत होता. खड्ड्याचं लोखंडी झाकण आकड्यानं उचलायचं, वाकायचं, काच पुसायची, आकडा वहीत लिहायचा. माणूस वाईट नव्हता. कुणाच्या घरी नळ गळताना दिसला तर थांबून वायसर बदलून द्यायचा. पण वर्षभरात त्याचा उजवा गुडघा कामातून गेला होता. खड्ड्यात उतरलं तर हाताशिवाय वर येता येत नव्हतं. झाकण उघडता आलं नाही तर मागच्या तीन महिन्यांची सरासरी लिहायची आणि शेजारी लहानसं ‘अं’ काढायचं, अंदाजे म्हणून, असा नियम होता. पण एका वहीत दहापेक्षा जास्त ‘अं’ दिसले की वॉर्डाचे साहेब मेमो देत. म्हणून खात्यातले सगळेच मीटरवाले अकराव्या घरापासून ‘अं’ काढायचं सोडून देत. त्यात कुणाला पाप वाटत नसे. पाणीच तर होतं. पुढच्या महिन्यात झाकण उघडलं की फरक आपोआप बसून जाई.

गुडघ्यामुळे मीटरकाकाचा तो पुढचा महिना येईना.

त्याच्या वाटेवरच्या एका गल्लीत एक शिलाईवाली राहायची, बाप आणि ती. दोघंच. बाहेरून आलेली, नऊ वर्षांपूर्वी. ती गाद्यांच्या कारखान्यात खोळी शिवायची. बाप आयुष्यभर गिलावा करत आला होता. चुना उडून उडून त्याचे डोळे गेले होते. उजेड-अंधार कळायचा, माणूस कळायचा नाही. त्यांचं महिन्याचं पाणी एकदम एकवीस युनिटवर गेलं आणि तीन महिने तिथंच राहिलं तेव्हा मीटरकाकानं स्वतःच आत जाऊन पाहिलं होतं. संडासाची टाकी आतल्या आत गळत होती. आवाज नाही, ओल नाही, नुसतं पाणी जात राहायचं.

“घरमालकाला सांग बदलायला,” तो तेव्हा म्हणाला होता.

“तीनदा सांगितलं, काका. तो म्हणतो, पटत नसेल तर खोली सोडा.”

“मग असं कर. हा खालचा कॉक बंदच ठेव. लागेल तेव्हा उघडायचा, टाकी भरली की लगेच बंद. कंटाळा करू नकोस.”

तिनं कंटाळा केला नाही. दिवसातून दहा वेळा वाकून ती कॉक उघडायची, बंद करायची. बापालाही चाचपून चाचपून शिकवलं. पाणी सातवर आलं, दोन माणसांचं असतं तेवढं. पण हे फक्त मीटरला ठाऊक होतं. वहीत मीटरकाकानं चार महिने वर बसून लिहिलेले आकडे होते: एकवीस, एकवीस, एकवीस, एकवीस. शेजारी ‘अं’ नव्हतं.

सोमवारी सभागृहात सुनावणी होती. चाळीस घरं बोलावली होती आणि प्रत्येक घरामागे त्याचा मीटरवाला. मीटरकाका कोपऱ्यातल्या बाकावर वही मांडीवर घेऊन बसला होता. शिलाईवालीचं नाव पुकारल्यावर ती उठली आणि त्याच्याकडे बघून हसली. ओळखीचं माणूस दिसलं म्हणून जीव भांड्यात पडल्यासारखी.

कुलूपनं चष्मा चढवला. “नोंद दोन माणसांची. पाणी सहा माणसांचं. बाकीची चार कुठं ठेवता, बाई? माळ्यावर?”

सभागृह हसलं.

“आम्ही दोघंच आहोत, साहेब.”

“मग दोघं रोज काय गाय धुता का?”

पुन्हा हशा. वीट उठली. विटेचा आवाज मोठा मऊ होता. “यात हसण्यासारखं काय आहे? सहा माणसं दोन खोल्यांत. ही लाज यांची नाही, आपली आहे. ताई, तुम्ही घाबरू नका. सांगा मोकळेपणानं. सहाजण कसे राहता, कसे झोपता, ते सगळ्यांना कळू दे.”

“पण दोघंच आहोत,” ती म्हणाली.

विटेचा चेहरा जरा उतरला. आपण ज्याच्यासाठी भांडतोय त्यानंच साथ देऊ नये, याचं वाईट वाटणारच. “बघा,” वीट सभागृहाकडे वळली, “भीती किती आहे ती. खरं बोलायची सोय ठेवलेली नाही आपण.”

“टाकी गळत होती,” शिलाईवाली म्हणाली. “ती आता बंद असते. या काकांनीच सांगितलं होतं. काका, सांगा ना.”

सगळ्या माना बाकाकडे वळल्या. मीटरकाका उभा राहिला. वही त्याच्या हातात होती. टाकी गळत होती असं म्हटलं तर पुढचा प्रश्न ठरलेला: बंद केली तर आकडा खाली का आला नाही? त्याचं उत्तर एकच होतं. आणि खोट्या नोंदीला शिक्षाही एकच होती: नोकरी जाते आणि आठ दिवसांत क्वार्टर रिकामं करावं लागतं. क्वार्टरच्या दोन खोल्यांत तो, बायको, आणि पडद्यापलीकडे लेक, जावई आणि सात महिन्यांचं नातवंड होतं. निवृत्तीला वर्ष राहिलं होतं. लेकीचं नाव शहराच्या घर मिळायच्या यादीत होतं, एकोणिसावं. ती वर सरकेपर्यंत क्वार्टर टिकवायचं, एवढाच त्या घराचा बेत होता.

“मी रोज साठ घरं करतो, साहेब,” तो म्हणाला. “कुणाची टाकी, कुणाचा नळ, सगळं काय लक्षात राहत नाही.”

“म्हणजे आठवत नाही?”

“नाही आठवत.”

शिलाईवाली त्याच्याकडे बघत राहिली. रागानं नव्हे. म्हाताऱ्या माणसाला आठवत नाही म्हटल्यावर आपण आठवण करून देतो ना, तशी म्हणाली, “काका, तुम्ही गुडघा धरून बसला होता. मी स्टूल दिलं होतं तुम्हाला.”

“नाही आठवत,” मीटरकाका पुन्हा म्हणाला.

“मग मीटर बघा,” ती म्हणाली. “गेल्या महिन्यात झाकण उघडलं होतं मी. त्यात एवढा आकडा नाहीच आहे. येऊन बघा ना कुणीतरी.”

कुलूपला हे आवडलं. वर्तमानपत्रवाले बसले होते. “बघू या की. गुरुवारी सकाळी आम्ही दोघं स्वतः येतो. वही खरी ठरली तर?”

“तर खोली सोडते,” ती म्हणाली. खरं ठाऊक असणारं माणूस असंच बोलतं.

बाहेर जिन्यात वॉर्डाच्या साहेबांनी मीटरकाकाला गाठलं. साहेब काठावरचे होते, ना आत ना बाहेर. “तुझी वही चोख आहे ना रे?”

“आहे, साहेब.”

“असू दे म्हणजे झालं. एक वही खोटी निघाली की सगळ्या वह्या खोट्या. मग मी पण घरी आणि तू पण घरी. मी काही विचारलं नाही. तू काही सांगितलं नाहीस.” आणि दोन पायऱ्या उतरून परत वळले. “लाइन धुवायची असली ना कुठं, तर उद्या-परवा धुऊन घे. पास देतो लिहून.”

घरी गेल्यावर मीटरकाकानं कागदावर गणित मांडलं. महिन्याला एकवीस लिहिले, झाले सात. चौदाचा फरक, चार महिने, छप्पन्न युनिट. खड्ड्यात मीटरच्या पुढे लाइन धुवायची मोठी तोटी असते. ती पूर्ण सोडली तर तासाला साडेतीन युनिट जातात. सोळा तास. दोन दिवस, रोज आठ तास. ती कामावर असते तेवढेच.

साडेतीन म्हणजे एका माणसाचं महिन्याचं पाणी. तासाला एक माणूस. मीटरकाकानं पेन्सिल ठेवून दिली.

“काय लिहिताय?” बायकोनं विचारलं.

“काही नाही. उद्या लाइन धुवायची आहे.”

“गुडघा?”

“बघू.”

पडद्यापलीकडून लेक म्हणाली, “बाबा, त्या चाळीस घरांचं काय होणार हो? रिकामी झाली तर यादी सरकेल का?”

“झोपव त्याला,” मीटरकाका म्हणाला. नातवंड जागंच नव्हतं.

मंगळवारी नऊला तो खड्ड्यात उतरला. चार महिन्यांनी. गुडघ्यात कळ आली तशी ओठ दाबून त्यानं तोटीला नळी लावली, तोंड गटारात सोडलं आणि तोटी फिरवली. मीटरचा तांबडा काटा आधी दचकल्यासारखा हलला आणि मग गरागरा फिरायला लागला.

“कोण आहे?” आतून म्हातारा.

“मीटरवाला, बाबा. लाइन धुतोय.”

“या की आत. उन्हात कशाला बसताय.” म्हातारा भिंत चाचपत दारात आला. “पोरगी म्हणत होती तुमच्याबद्दल. टाकीचं तुम्हीच सांगितलं ना?”

मीटरकाकानं नळीचं तोंड गटारात आणखी खाली सारलं.

“फार उपकार झाले बघा. नाहीतर आम्हाला काय कळणार. चहा टाकतो.”

“नको, बाबा.”

“नको कसं. मला दिसत नाही, चहा येतो.” आणि खरंच आला. ज्योत कानानं ओळखून, भांड्याच्या कडेला बोट लावून म्हाताऱ्यानं चहा केला, सांडला नाही. मीटरकाका त्याचा हात धरून खड्ड्यातून वर आला आणि उंबऱ्यावर बसून प्याला. मागे पाणी धो धो जात होतं. दहा वाजले. एक माणूस झाला.

“कुठं राहता तुम्ही?”

“खात्याच्या क्वार्टरमध्ये. टेकडीखाली.”

“ती लांब बैठी ओळ? अहो, तिला गिलावा आम्हीच केला. अकरा जण होतो. शेवटच्या खोलीच्या कोपऱ्यात माझा पंजा उमटलाय बघा. ओल्या भिंतीवर तोल गेला आणि हात टेकला. मुकादम म्हणाला, पुसून टाक, आणि मी जेवायला गेलो. नंतर वाळला. आहे का अजून?”

ती शेवटची खोली मीटरकाकाचीच होती. पडद्यापलीकडची. त्या पंजावर लेकीनं नातवंडाचं झबलं वाळत टाकायला खिळा मारला होता.

“नसेल,” मीटरकाका म्हणाला. “रंग दिलाय.”

“बरं झालं. वेडंवाकडं दिसायचं ते.”

दुपारी समोरचा दुकानदार बाहेर आला. गटार भरून पाणी रस्त्यावर आलं होतं. “काय हो मीटरकाका, एवढं पाणी?”

“लाइन.”

“लाइन कसली. यांचंच असणार. ही बाहेरची माणसं, फुकटचं पाणी मिळालं की नळ बंद करायचा असतो हेच त्यांना माहीत नसतं. बघून ठेवतो मी. गुरुवारी साहेब येतायत ना? सांगतो त्यांना.”

मीटरकाकानं मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते दुकानदारानं आपल्या सोयीनं ठरवलं.

पाचला तोटी बंद करून तो निघाला तेव्हा आठ माणसं झाली होती. म्हातारा म्हणाला, “उद्या येणार का? या. बोलायला कुणी नसतं दिवसभर.”

बुधवारीही तो गेला. म्हाताऱ्यानं त्याच्यासाठी स्टूल काढून ठेवलं होतं, तेच. गिलाव्याच्या गोष्टी सांगितल्या. वाळू चाळताना सापडलेल्या वस्तू, पडलेला परांचा, मुकादमाची नक्कल. नक्कल इतकी फक्कड होती की मीटरकाका हसला. हसत असतानाच त्यानं घड्याळात पाहिलं. तीन तास राहिले होते. पाच वाजता आकडा वहीला टेकला. एक युनिटही इकडे-तिकडे नाही. एकतीस वर्षांत त्याचं वाचन इतकं बरोबर कधी आलं नव्हतं.

गुरुवारी गल्लीत जत्रा भरावी तशी माणसं. कुलूप आणि वीट एकाच गाडीतून आले. साहेबांनी मीटरकाकाकडे पाहिलं, त्यानं खाली पाहिलं, साहेबांना उत्तर मिळालं. झाकण उचललं. कुलूपनं स्वतः वाकून आकडा मोठ्यानं वाचला. साहेबांनी वहीतला वाचला. सारखे.

शिलाईवालीला वाटलं कुणीतरी चुकतंय. तिनं कुलूपला बाजूला सारलं, गुडघ्यावर बसली, पदरानं काच पुसली आणि बोट लावून एकेक आकडा वाचला. मग पुन्हा वाचला.

“असं कसं होईल,” ती म्हणाली. “मी पाहिला होता. महिन्याला चौदा, चार महिन्यांचे छप्पन्न कमी पाहिजेत. नाहीतर... काका?”

तेवढ्यात म्हातारा दारात आला होता. त्याला वाटलं आपल्यालाही काही बोललं पाहिजे. “साहेब, या मीटरवाल्यांना काही बोलू नका. देवमाणूस आहे. दोन दिवस उन्हात बसून लाइन धुतली. नऊपासून पाचपर्यंत पाणी सोडलं होतं त्यांनी, मी बसलो होतो सोबत.”

मीटरकाकाला आपल्या कानात पाणी वाजताना ऐकू आलं. आता सांगून टाकावं असं त्याला वाटलं. वाटलं, हे खरं. तोंडही उघडलं असेल.

पण दुकानदारानं वेळ दिला नाही. “ऐकलंत? स्वतःच्या तोंडानं सांगतायत. दोन दिवस धो धो पाणी चाललं होतं, रस्ता भरला होता. मी साक्षीदार आहे.”

“म्हणजे कबूल,” कुलूप म्हणाला.

“अहो, तसं नाही, यांनी सोडलं,” म्हातारा हवेत हात करून मीटरकाकाला शोधू लागला. मीटरकाका एक पाऊल मागे सरला. तो हात त्याच्या सदऱ्यापासून वीतभर अंतरावरून गेला आणि रिकामा खाली आला.

“वय झालंय त्यांचं,” मीटरकाका म्हणाला. “दिसतही नाही.”

शिलाईवालीला तेव्हा सगळं कळलं. तिनं बापाकडे पाहिलं, नळीच्या ओल्या डागाकडे पाहिलं, मग मीटरकाकाकडे. ती उठून बापापाशी गेली. बोलून उपयोग नाही हे तिला नऊ वर्षांत कळलं असणार, किंवा त्या क्षणी कळलं असेल.

वीट पुढे झाली, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि वर्तमानपत्रवाल्यांकडे तोंड करून म्हणाली, “या चार अज्ञात माणसांसाठी मी लढत राहीन.”

खोली रविवारी सोडायची होती. मीटरकाकाला शेवटचं वाचन घ्यायला जावंच लागलं, तसा नियम होता. हातगाडीवर दोन ट्रंका, शिलाई मशीन, गादी. वर म्हाताऱ्याला बसवलं होतं. त्याच्या मांडीवर गिलाव्याची जुनी थापी होती. तो मुलीला हळूच विचारत होता, “मीटरवाल्यांना सांगितलंस का आपण जातोय?”

“सांगितलं,” ती म्हणाली.

गाडी हलणार तेवढ्यात ती “थांबा, राहिलंच” म्हणून परत आत गेली. मीटरकाकाला वाटलं, आता आपल्यापाशी येईल, काहीतरी बोलेल. आत संडासाचं दार वाजलं. वाकून कॉक बंद केल्याचा, घट्ट पिळल्याचा आवाज आला. ती बाहेर आली, त्याच्या बाजूनं गेली, आणि हातगाडी ढकलत गल्लीच्या तोंडाशी वळली.

पुढच्या महिन्यात वह्या पुन्हा सभागृहात गेल्या. रिकामी करवलेल्या चाळीसही घरांचं पाणी शून्य. कुलूप उठून म्हणाला, “मी सांगत होतो ना, शहरात घरं रिकामी पडलीयत. मग नवी बांधायची कशाला?” विटेनं कडाडून विरोध केला आणि मतदानाच्या वेळी घसा धरल्यामुळे बाहेर गेली. बांधकाम रद्द झालं. चाळीस घरं ‘दुरुस्तीसाठी’ म्हणून सीलबंद झाली. यादी होती तिथंच थांबली.

“एकोणिसावंच?” लेकीनं विचारलं.

“एकोणिसावंच,” मीटरकाका म्हणाला.

वर्ष सरत आलं. आता ‘अं’ काढायला पूर्ण बंदी होती. प्रत्येक झाकण उघडायचंच, सीलबंद घराचंसुद्धा. निवृत्तीच्या आदल्या आठवड्यात मीटरकाका त्या गल्लीत गेला. दुकानदारानं हात वर केला, त्यानंही केला. घरी बायको भांडी पोत्यात भरत होती. क्वार्टर पहिल्या तारखेला सोडायचं होतं. कुठं जायचं ते ठरलं नव्हतं. जावई म्हणाला होता, बाहेर कुठंतरी बघू, दुसऱ्या शहरात. तिथं आपण नवे असणार, लेक म्हणाली होती.

त्यानं झाकण उचललं. गुडघा टेकून खाली उतरला, काच पुसली. ती गेली त्या रविवारी होता तोच आकडा होता. तांबडा काटा जागच्या जागी. थेंबसुद्धा गेला नव्हता.

त्यानं तो आकडा वहीत लिहिला. मग वर यायला कुणाचा तरी हात हवा होता, म्हणून तो खड्ड्यातच उभा राहून वाट बघू लागला.